दस्तगीर तंतुवाद्य: कायमचे बंद

आमचं दुकान जगात उरलं नाही, ही बातमी मला दिली भोपळेवाल्यानं.

तंबोऱ्याचे भोपळे घेऊन तो दरवर्षी पौषात यायचा. यंदा पौष सरला तरी पत्ता नाही, म्हणून मीच फोन लावला.

"वहिनी, दुकान बंद केलंत न्हवं? उगमला विचारलं तर तुमचं नावच सांगंना. मग माल दुसऱ्याला दिला की."

"अहो, मी दुकानात बसूनच बोलतेय तुमच्याशी."

"असंल हो. पण उगम न्हाई म्हणतंय."

म्हणजे कानावर येणारा माझा आवाज खोटा आणि उगम खरं. माझा राग तसाही नाकावरच असतो. मी फोन ठेवला आणि आतल्या खोलीकडे बघून म्हटलं, "ऐकलंत का? आपण नाहीये म्हणे." आतून फक्त कानशीचा आवाज आला. ह्यांना काम करताना ऐकू येत नाही, किंवा ऐकायचं नसतं. लग्नाला बारा वर्षं झाली तरी नक्की कोणतं ते मला कळलेलं नाही.

मी हर्षदा सुतार. नवरा धनंजय, मिरजेत तंबोरे करतो. लाकूड, भोपळा, तारा हे त्यांचं खातं. फोन, पार्सल, वेबसाइट आणि भांडणं माझ्याकडे.

उगम आज घरोघरी आहे, पण ते कशासाठी आलं हे लोक विसरलेत. पूर्वी इंटरनेटवर काही शोधलं की यादी यायची. मग यंत्रं स्वतःच पानं लिहायला लागली. एका खऱ्या दुकानामागं शंभर खोटी दुकानं उभी राहिली, चोरलेले फोटो, चोरलेला मजकूर, आणि फोन केला की पलीकडे कुणीच नाही. लोक वैतागले. तेव्हा उगम आलं. ते यादी देतच नाही. जगातली पानं, चित्रं, आवाज सगळं एकमेकांशी ताडून बघतं, सारखं दिसेल त्याचा एक ढीग करतं, ढिगातलं सगळ्यात आधीचं हुडकून काढतं आणि तेवढंच दाखवतं. बाकीची नक्कल. नक्कल दाखवायची नाही, असा साधा नियम. नियम आला तेव्हा मीच खूश झाले होते.

आता त्या नियमाच्या चुकीच्या बाजूला मी उभी होते. गेल्या दिवाळीपासून एकही नवीन गिऱ्हाईक का आलं नाही, तेही आत्ता कळलं. मी पदर खोचून कामाला लागले. आधी साइट उघडते का बघितलं, उघडत होती. शोधणाऱ्या यंत्रांना आत येऊ नका असं सांगणारी एक ओळ असते, ती चुकून राहिली असेल म्हणून तपासलं, तर नव्हती. पत्ता बरोबर, फोन बरोबर, पानांचा नकाशा पुन्हा पाठवला. एक आठवडा थांबले. काही नाही.

इकडे ह्यांनी कुपवाडच्या एका कारखान्यात जाऊन यायला सुरुवात केली होती. तिथं मॉड्युलर किचन बनतात. फळ्या यंत्र कापतं, माणसानं फक्त बिजागऱ्या लावायच्या. होळीनंतर कामावर हजर व्हा, असं त्यांनी सांगितलेलं. ह्यांनी हो म्हटलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं. ज्या माणसानं उभा जन्म तारेचा आवाज ऐकण्यात घालवला, तो आता बिजागऱ्या पिळणार, हा विचार आला की माझा घास तोंडात फिरायचा.

शेवटी मी उगमच्या मदतवाणीला फोन लावला. आवाज इतका गोड की भांडायलाच सुचेना.

"तुमचं पान आम्हाला सापडलेलं आहे, हर्षदाताई. त्यात तांत्रिक दोष नाही."

"मग दाखवत का नाही?"

"कारण ते मूळ नाही. मूळ आहे दस्तगीर तंतुवाद्य, मिरज. सद्यस्थिती, कायमचे बंद."

मी कपाळावर हात मारला.

दस्तगीरसाहेब म्हणजे ह्यांचे उस्ताद. हे एकोणीस वर्षांचे असताना साहेबांच्या दुकानाची चौकट बसवायला गेले होते. साहेबांनी ह्यांचा रंधा चालताना बघितला आणि म्हणाले, चौकटी कुणीही बसवेल, तू इथं बस. तेव्हापासून हे तिथंच. आमचं लग्न ठरताना माझ्या वडिलांनी नाक मुरडलं, तेव्हा साहेब स्वतः तासगावला येऊन ओट्यावर बसून राहिले होते, वडील हो म्हणेपर्यंत. ते उपकार मी नाकारत नाही. पण साहेब जाऊन तीन वर्षं झाली, त्यांचं दुकान बंद झालं, ह्यांनी स्वतःचं दुकान टाकलं, तरी साइटवर पहिला फोटो कुणाचा, तर साहेबांचा. पहिली ओळ कुणाची, तर साहेबांच्या कृपेची. त्यांचं नाव निघालं की ह्यांचा हात आपोआप कानाच्या पाळीला जातो. मला वाटायचं, अहो, कधीतरी स्वतःचंही नाव घ्या.

त्यामुळं दोष सापडला असं मला वाटलं. साहेबांचा तोच फोटो त्यांच्या जुन्या पानावरही होता. दोन पानांवर एकच फोटो, म्हणून आम्ही नक्कल. मी ह्यांना न विचारता फोटो काढून टाकला, ओळही काढली.

ह्यांनी ते बघितलं.  जेवायला बसले, अर्ध्यातून उठले, आणि दुकानातल्या साहेबांच्या तसबिरीची काच पुसत बसले. त्यापेक्षा चार शब्द बोलले असते तर बरं झालं असतं.

आणि एवढं करून उगमवर आम्ही नव्हतोच.

पुन्हा मदतवाणी. ह्या वेळी मी सरळ विचारलं, "बाई, आम्ही नक्कल केली तरी कशाची?"

"तुमच्या तंबोऱ्याच्या आवाजाची."

मग तिनं जे सांगितलं ते मला निम्मं माहीत होतं. तंबोऱ्याची तार जिथं टेकते ती घोडी सपाट दिसते, पण सपाट नसते. तिला अगदी बारीक उतार द्यावा लागतो, म्हणजे छेडलेली तार तिला हळूच घासत राहते आणि एका सुरातून अनेक सूर उमलतात. त्या उताराला जवारी म्हणतात. ती कानशीनं, हातानंच काढावी लागते. केसाएवढा फरक पडला तरी सूर उमलायचा क्रम बदलतो. उगमनं शोधून काढलं होतं की हा क्रम प्रत्येक कारागिराचा वेगळा असतो, ज्याच्या त्याच्या हस्ताक्षरासारखा. आणि आमच्या पानावरच्या ध्वनिफितींचं हस्ताक्षर दस्तगीर तंतुवाद्यच्या ध्वनिफितींशी तंतोतंत जुळत होतं. त्यांच्या फिती आधीच्या. म्हणून आमच्या चोरलेल्या.

"अहो, शिष्यच आहेत ते त्यांचे."

"अभिनंदन," मदतवाणी म्हणाली. "आपण वेगळ्या हाताची ध्वनिफीत पाठवल्यास आपलं पान मूळ म्हणून दाखवण्यात येईल."

मी संध्याकाळी चहा देताना विषय काढला. "थोडी वेगळी काढा ना जवारी. एखादी कानस जास्त, एखादी कमी. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल," हे म्हणाले.

"आणि कुपवाडला बिजागऱ्या लावताना काय कळणार आहे?"

लागलं ते त्यांना. मला बोलल्यावर वाईट वाटलं, पण शब्द परत घेता येत नाही. दुसऱ्या दिवशी हे दार लावून आत बसले. दुपारी बाहेर येऊन म्हणाले, "घे, झालं तुझं." मी जुन्या फिती काढल्या, नवी चढवली. चहा व्हायच्या आत आम्ही उगमवर. सुतार तंतुवाद्य, मिरज, सुरू आहे. चहा संपायच्या आत नाशिकच्या एका बाईंची मागणी आली.

मी पेढे आणायला निघाले होते. पायात चप्पल घातली आणि आतून तो तंबोरा ऐकला. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. पण ह्यांनी दुकान टाकल्यापासून मी त्याच आवाजात पोळ्या लाटल्यात. हा आवाज वाईट नव्हता, चांगलाच होता. पण आपल्या घरात कुणी परका माणूस येऊन बोलतोय असं वाटलं. आत डोकावले तर हे तंबोरा मांडीवर आडवा घेऊन नुसते बसले होते.

"हा नाशिकला पाठवू नकोस," हे म्हणाले. "मी कुपवाडला जातो. बिजागरी तरी खोटी लागत नाही."

पेढे राहिले. मी तशीच चप्पल घालून साहेबांच्या घरी निघाले.

खरं सांगायचं तर मी भांडायलाच निघाले होते. साहेबांचं जुनं पान कायमचं पुसून टाका, असं मी मेहरूनचाचीला सांगणार होते. साहेबांची बायको ती. मूळच नाहीसं झालं की हे आपोआप मूळ होतील, असा माझा हिशोब. गेलेल्या माणसाला पुन्हा एकदा पुसायला सांगायचं, हे वाईट आहे, ते मला वाटेत कळत होतं. पण मी चालत राहिले.

चाचीनं दार उघडलं, मला बघून आधी पाणी दिलं, मग सरबत दिलं, मग म्हणाली, "एवढ्या दिवसांनी आलीस. धनूशी भांडलीस का?"

मी सगळं ओकून टाकलं. पान पुसा, एवढं शेवटचं वाक्य मात्र तोंडातच राहिलं. पण चाचीला ते ऐकू आलं असावं.

"पोरी, ते पान आमच्या साजिदनं कुवेतला बसून केलं, आणि बापाच्या मातीनंतर त्यानंच बंद लिहिलं," ती म्हणाली. "मी बंद म्हटलं नव्हतं. मी वाट बघत होते की धनू येईल आणि दुकानाची किल्ली मागेल."

"ते कसे मागतील? उस्तादाच्या गादीवर न बोलावता बसायचं नसतं म्हणतात ना?"

"आणि मी कशी बोलावू? मला वाटलं, पोराला स्वतःचं नाव लावायचं असेल. आपण मध्ये कशाला यायचं?"

 तीन वर्षं दोन्हीकडचा मान सांभाळला गेला आणि मधल्यामध्ये दुकान मेलं. मला हसू आलं आणि रडूही आलं. चाचीनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "पुसायचं नाही. त्या पानाला म्हणावं, दुकान बंद नाही, फक्त जागा बदलली. असं म्हणता येतं का?"

येतं. कोणतीही साइट करणारा माणूस हे पहिल्या दिवशी शिकतो. जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्या पत्त्यावर वळवायचं. सगळे दोष तपासले, पण ही वाट मला सुचली नाही, कारण मला साहेबांपासून सुटायचं होतं. त्यांच्याकडून काही घ्यायचंच नव्हतं.

चाचीच्या ओट्यावर बसूनच मदतवाणीला फोन लावला. तिचं उत्तर तयार होतं. स्थलांतरासाठी मूळ मालकाच्या वारसाची संमती हवी, आणि नव्या जागी, आमच्यासमोर, आत्ता काढलेली जवारी. "ध्वनिफीत चालणार नाही. ध्वनिफीत चोरता येते. हात चोरता येत नाही." पहिल्यांदा त्या बाईचं एखादं वाक्य मला पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाची रिक्षानं आमच्या दुकानात आली. हे तिला बघून असे गडबडले की बसायला पाट द्यायच्याऐवजी हातातली कानसच पुढं केली. मी फोन तिवईवर लावला. चाचीनं संमती दिली, नाव सांगितलं. मग ह्यांनी तोच बदललेला तंबोरा पुढ्यात घेतला, घोडीवरून तारा सैल केल्या आणि कानस चालवली. तारा चढवल्या, छेडल्या.

"हात जुळत नाही," मदतवाणी म्हणाली.

पुन्हा उतरवलं, पुन्हा घासलं. हात जुळत नाही.  माझ्याच हट्टापायी ह्यांनी हात बिघडवून घेतला होता. कपाळावर घाम, बोटं ओली. "निघून गेलं हर्षदा," हे हळूच म्हणाले. "आता येत नाही."

तेव्हा चाचीनं एक चमत्कारिक गोष्ट केली. ती उठली, स्टूल फिरवलं आणि ह्यांच्याकडे पाठ करून बसली. तोंड भिंतीकडे. "चालव," म्हणाली.

ह्यांचा चेहरा एकदम बदलला. का, ते मला तेव्हा कळलं नाही. ह्यांनी कानस उचलली. एक हलका हात. तार चढवली, छेडली.

"जाड आहे," चाची भिंतीकडे बघत म्हणाली. "बाहेरून घे."

बाहेरून घेतलं.

"पंचम ठीक. खर्ज अजून झोपलाय. जरासा. अजून. धनू, दमानं, कुणी पळून जात नाहीये."

हे घासत राहिले. कानशीचा आवाज मला ओळखीचा वाटायला लागला, माझ्या पोळ्यांच्या वेळचा. मग तारेखाली आवाज खुलवणारा दोरा सरकवला, चारही तारा छेडल्या, आणि दुकान भरून गेलं.  चाचीची पाठ हलत होती, त्यावरून कळलं की ती रडतेय.

मदतवाणीनं नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

"जुळणी संपूर्ण," ती म्हणाली. "शिष्याचा हात गुरूच्या जवळ येतो, पण इतका कधीच नाही. दोन्हीकडचं काम एकाच व्यक्तीचं आहे. दस्तगीर हयात आहेत का?"

मला हसू आलं. "अहो बाई, त्यांच्या मातीला आम्ही सगळे गेलो होतो." असं म्हणत मी ह्यांच्याकडे बघितलं. हे मान खाली घालून स्वच्छ असलेली कानस पुसत होते. चाचीनं स्टूल फिरवलं.

"सांगितलं नाहीस बायकोला?" तिनं विचारलं.

ह्यांनी कानस खाली ठेवली.

"साहेबांच्या हाताला कंप होता, बेटा," चाची मला म्हणाली. "साजिदनं पान केलं त्याच्या आधीपासून. घास तोंडात जाईना, तर कानस कुठली. पहिल्या दिवशी ते दार लावून रडले. मग याला समोर बसवलं आणि स्वतः पाठ करून बसले. म्हणाले, हात तुझा, कान माझा. तुझ्याकडे बघितलं तर मला माझा हात आठवेल, म्हणून बघणार नाही. त्या पानावर जेवढं वाजतंय, ते सगळं धनूनं काढलेलं आहे. मी आत स्वयंपाकघरात ऐकत होते."

म्हणजे माझा नवरा स्वतःचीच नक्कल ठरला होता. मला राग यायला हवा होता, आणि आधी तो आलाच. इतकी वर्षं मला, बायकोला, एका शब्दानं सांगितलं नाही. "का नाही सांगितलंत?"

"काय सांगू?" हे म्हणाले. "साहेबांचा हात चालत नाही, असं? मी फक्त घासत होतो गं. कुठं थांबायचं ते त्यांना कळायचं. ते नसते तर मी आजही चौकटी बसवत असतो. आणि तुझ्या वडिलांच्या ओट्यावर कोण बसलं असतं?"

माझा राग तिथंच विरला. बारा वर्षं मला वाटत होतं की साहेबांच्या सावलीत माझा नवरा झाकला गेला. पण म्हाताऱ्यानं हात गेल्यावर दुकान मिटलं नव्हतं, दुसऱ्याच्या हातात आपला कान ओतला होता. मी तसबिरीकडे बघितलं आणि मनात म्हटलं, साहेब, चुकलं माझं, आणि जे दिलंत त्याबद्दल उपकार झाले. असं मी कुणाला सहसा म्हणत नाही.

"उत्तर अपेक्षित आहे," मदतवाणी म्हणाली. "वारसदार मेहरुन्निसा, हे हात दस्तगीर यांचे आहेत का?"

मी चाचीकडे बघितलं. खरं सांगितलं तर सगळ्या जगात ह्यांचं नाव होईल, हे मला कळत होतं. ह्यांनाही कळत होतं. ते चाचीकडे बघून मान हलवत होते, नको म्हणून, आणि एक हात कानाच्या पाळीला गेलेला.

चाची उठली. ह्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, लाकडाचा भुसा लागलेले, आणि फोनपुढं धरले.

"आहेत," ती म्हणाली. "त्यांनीच दिलेत."

मदतवाणीनं स्थलांतर मंजूर केलं, आभार मानले आणि फोन ठेवला.

दुपारी मी साहेबांचा फोटो साइटवर पहिल्या जागी लावला, कृपेची ओळ परत घातली. नाशिकच्या बाईंना सांगितलं की जरा थांबा, तुमच्यासाठी दुसरा, चांगला काढतोय. चाचीनं जाताना जुन्या दुकानाची किल्ली कट्ट्यावर ठेवली. ह्यांनी ती बराच वेळ नुसती बघितली, मग खिशात घातली आणि कुपवाडला फोन करून नको म्हणून कळवलं.

संध्याकाळी फोन वाजला. धारवाडहून कुणी म्हातारे गवई होते. "दस्तगीर तंतुवाद्य का? कालपर्यंत बंद दाखवत होतं. साहेब आहेत का?"

हे आत जवारी काढत होते. चाची भिंतीकडे तोंड करून बसली होती. येत्या बुधवारपासून ती रोज येणार म्हणालेली, पण आज संध्याकाळीच परत आली होती.

"आहेत," मी म्हटलं. "कामात आहेत. बोला."